इस्लापूरचं लॉगिन
कूलरच्या मोटारीतून तापलेल्या धुळीचा वास आला की मला लातूरमधली आमची सर्व्हरची खोली आठवते. आमच्या संस्थेचे दवाखाने गावोगावी होते आणि तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची लॉगिनची खाती या खोलीतल्या एकाच जुन्या मशीनमध्ये होती. ती आम्ही क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर, हलवली आणि एका रविवारी सकाळी माझ्या वरिष्ठ मॅडमनी ते मशीन बंद केलं. पंख्यांची घरघर थांबली, बाहेरच्या लिंबावरचे पोपट ऐकू आले. तेवढ्यात किनवटच्या रानातल्या इस्लापूरच्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "सर, एका लेकराला लई ताप हाय. मागं कोणत्या औषधानं त्याला रिॲक्शन आली ते बघायचंय. उघडंल ना?" मॅडमनी फोन घेऊन स्पीकरवर टाकला. "नेहमीचंच नाव टाका ताई, नेहमीचाच पासवर्ड." पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या, मग काहीच नाही. मशीन पुन्हा चालू करायला मी हात पुढे केला; मॅडमनी तो धरला. "उघडलं! हाव, सगळं दिसून राहिलंय!" सिस्टर ओरडल्या आणि त्यांनी औषधाचं नाव तिथल्या डॉक्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी मशीनवर तळहात ठेवून पाहिला. ते गार होत चाललं होतं, आणि तिकडे किनवटच्या रानात त्या बाईला कोणीतरी ओळखून आत घेतलं होतं. संध्याकाळी लेकराचा ताप उतरल्याचा निरोप आला. आता खाती अशी हलवण्याचं हेच काम मी रोज करतो, ते कसं होतं हेही समजावून सांगतो. तरी दूरच्या गावातलं कुणी पहिल्यांदा आत शिरतं तेव्हा अंगावर काटा येतो.