दगडाखालच्या उपाशी अळ्या

नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरलं आणि ग्वाल्हेरची मोठी कचेरी उठून तिकडे निघाली. आमचे हे त्या कचेरीत हेडक्लार्क. वळकटी बांधताना त्यांनी विचारलं, "चलतेस?" मी म्हटलं, "अहो, ओढा काय ट्रंकेत घालून नेऊ? होळीपर्यंत काम संपतंय, मग येतेच." मला वाटलं, पुन्हा एकदा विचारतील. नाही विचारलं.

काम म्हणजे माझा एम.एस्सी.चा प्रबंध. शहराबाहेरच्या टेकड्यांतून एक ओढा उतरतो. मध्ये कमरेएवढा कडा आहे, त्यावर मासे चढत नाहीत. म्हणून कड्याच्या वर नुसत्या किड्यांच्या अळ्या, आणि खाली अळ्या अन् त्यांना खाणारे मासे. माशांमुळे अळ्यांचं काय होतं, ते मला बघायचं होतं.

शाळेत शिकवून उरलेल्या वेळात मी टांग्यानं ओढ्यावर जायची, आणि माशांच्या पोटात काय सापडतं ते बघायला थोडे मासे बादलीतून घरी आणायची. शिंदे की छावनी या आमच्या मोहल्ल्यात शेजारच्या काकू नाकाला पदर लावून म्हणायच्या, "अगं, ब्राह्मणाच्या घरात मासळीची बादली! आणि जमाईबाबूंची चिठ्ठी-पत्री येते की बंदच झाली?" आधी हसून वेळ मारून नेली. मग चिडायला लागले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलेच नाही. शाळा, ओढा, घर, आणि आतून कडी. फार एकटं वाटायचं. एकटीसाठी आमटीला फोडणी घालायचंसुद्धा जिवावर यायचं.

खालच्या पाण्यात दगडांवर एकही अळी दिसेना. मी म्हटलं, झालं, माशांनी फस्त केल्या. मग एक दगड उलटला तर खाली ही गर्दी! पण सगळ्या किडकिडीत. वरच्या पाण्यातल्या त्यांच्या बहिणी दगडांवर उन्हात चरत होत्या, चांगल्या गुटगुटीत. इथे दगडांच्या पाठीवर शेवाळ दाट माजलेलं, आणि खाणाऱ्या खाली दडून उपाशी. महिनाभर पाहिलं, तेच. माशांच्या पोटात गेलेल्या थोड्याच, भीतीनं वाळलेल्याच जास्त.

मला माझीच चीड आली. म्हटलं, काकू काय मला गिळणार आहेत? उठले, साडी बदलली आणि त्यांच्याकडे जाऊन ठणकावून सांगितलं, "होळी झाली की मी भोपाळला चाललेय." प्रबंध दिला, ट्रंक भरली, भांडी पोत्यात बांधली.

होळीला हे आले. दारातच पोतं पाहून थबकले.

"हे काय?"

"माझं सामान. चलायचं ना?"

ते खाटेवर बसले. "अगं, क्वार्टरं वाटली तेव्हा मी एकट्या राहणाऱ्यांच्या खोलीत जागा घेतली. तिघं जण राहतो, डबा येतो. फॅमिलीवालं मिळत होतं. मीच म्हटलं, रहने दो."

"का?"

"तू येशील असं वाटलं नाही."

"येते म्हणाले होते की! पुन्हा एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "पण नाही म्हणाली असतीस तर?"

सगळ्या कचेरीला धाकात ठेवणारा माणूस, आणि एवढ्याला घाबरला. मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. आता दुसरं क्वार्टर कधी मिळेल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले, आणि ते एकटेच परत गेले.