झाकण उघडून दाखवा

गादीच्या कारखान्यात बावीस वर्षं फोम कापणाऱ्या वहिनीचा हात इतका सरळ, की सोबतच्या बायका तिला ‘फूटपट्टी’ म्हणत. आठ फुटी पंखांचं मॉडेल विमान तिने दीड वर्ष खपून घराच्या मधल्या खोलीत बांधलं. उडवायची मात्र तिला धास्ती, म्हणून रिमोट धाकट्या दिराच्या हाती दिला. तिथेच चुकलं.

मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात दीर सांगत सुटला, विमान मीच बनवलं. वहिनीने कानाआड केलं. मग एका रविवारी त्याने घाईत स्क्रू न आवळताच विमान सोडलं. कॉकपिटचं झाकण हवेत उडालं, बॅटरी खाली पडली आणि विमान नाकावर आपटलं. चाळीस माणसांसमोर तो हसत म्हणाला, “झाकण तेवढं वहिनींनी केलं होतं. बायकी काम!”

विमान त्याचं, खापर हिच्या डोक्यावर. वहिनीने मोडलेलं नाक दुरुस्त केलं.

“पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे,” दीर म्हणाला. “नवं झाकण करा. या वेळी जरा नीट.”

“करते की भावजी. असं करते, की तुमच्या जन्मात निघायचं नाही.”

तिने फोमचे तीन ठोकळे चिकटवले. दोन्ही टोकांना प्लायवूडचे साचे लावून तापल्या तारेने घुमट कापला, पॉलिश पेपरने घासला, आतून कोरला, वर गोंदाने तपकिरी कागद चढवला. पुढे खाचेत अडकणारी लाकडी जीभ, मागे स्प्रिंगची खिटी. बाहेरून ना स्क्रू, ना बटण. झाकणातून डोकं वर काढून बसलेल्या वैमानिकाच्या बाहुलीच्या मानेला तिने खिटीची दोरी बांधली. मुंडकं डावीकडे पिरगाळलं, की खिटी सरकायची. ते पिरगाळून बघताना तिच्या डोळ्यांसमोर दिराचीच मान होती. तिने दहा-बारा वेळा बघितलं.

स्पर्धेचे नियम तिने दोनदा वाचले. दिराने एकदाही नाही. त्या सकाळी बॅटरी बसवून, झाकण लावून तिने विमान त्याच्या हवाली केलं आणि मागोमाग मैदानावर गेली.

“बनवणाऱ्याने झाकण उघडून बॅटरी दाखवायची,” परीक्षक बाई म्हणाल्या.

दिराने ओढलं, दाबलं, नखं लावली. त्याला घाम फुटला.

“तुम्हीच बनवलंय ना?”

“हो, जरा अडकलंय.” तो वहिनीजवळ येऊन कुजबुजला, “कसं उघडायचं?”

“मला काय कळतंय भावजी?” वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “बायकी काम ते.”

त्याने फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. कागद फाटला. खरं तर तिला आणखी मजा बघायची होती. पण ती पुढे झाली आणि बाहुलीची मान पिरगाळली. झाकण अलगद वर आलं.

“विमान माझं आहे. आणि त्या दिवशी स्क्रू भावजींनीच आवळला नव्हता.”

परीक्षक बाईंनी वहीतलं नाव बदललं. वहिनीने दिराच्या हातातला रिमोट काढून क्लबात विमानं उडवणाऱ्या एका पोस्टमनला दिला. विमान तिसरं आलं.

“घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलंस,” सासूबाई संध्याकाळी म्हणाल्या.

“माझी अब्रू चव्हाट्यावरच गेली होती,” वहिनी म्हणाली. “दुसरीकडे कुठे शोधू?”

दीर चार महिने घरी फिरकला नाही. पाचव्या महिन्यात आला, ओशाळून बसला. वहिनीने चहा दिला. मग मधल्या खोलीत विमानापाशी जाऊन दार मात्र आतून लावून घेतलं.