करडईचं दूध

माझं लग्न झालं तेव्हा आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नुकतंच दूध सोडलं होतं. पहिल्या गोष्टीनं घरात काही बदललं नाही. दुसरीनं मात्र स्वयंपाक पार बदलला.

झालं असं, की गाईचं वासरू मेलं. धार आटू नये म्हणून गड्यानं त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढं उभं केलं, आणि ती बिचारी ते चाटत पान्हा सोडू लागली. मामंजींनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून दूध, ताक, तूप सगळं बंद. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चकार शब्द काढला नाही. त्यांची कढी चिंचेच्या कोळात व्हायला लागली, आंबील ताकाऐवजी आंबवलेल्या पिठाची. खोटं कशाला बोलू, चिंचेची ती कढी मला मुळीच आवडायची नाही. मामंजी मात्र भुरके मारत प्यायचे.

मग मी घोळ घातला. पोळ्याच्या आसपास एकदा वरणाला फोडणी देताना माहेरच्या सवयीनं तूप घातलं. मामंजींनी पहिल्याच घासाला ओळखलं. "कुणी केलं हे?"

मी चुलीकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "म्या घातलं. लई वाळलाव तुमी."

मामंजी पानावरून उठले. त्यांनी बायकोशी अबोला धरला आणि तिच्या हातचं खाणंच सोडलं. मी थापलेली भाकरी, ठेचा आणि कांदा, एवढ्यावर त्यांनी चार महिने काढले. मी रोज खरं सांगायचं ठरवायची आणि रोज भ्यायची. तोंड उघडायला गेले की आत्याबाईच दटावायच्या, "गप बस." त्यांच्या त्या चांगुलपणाचा मला कधी कधी रागसुद्धा यायचा.

येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं सगळं घर रानात जेवतं, आणि गव्हाच्या खिरीशिवाय ते जेवण पुरं होत नाही. माझं माहेर जळकोटकडचं, कानडी मुलखाला लागून. तिकडं खिरीत करडईचं दूध घालतात. मी करडई भिजवली, उखळात कुटली, फडक्यातून पिळली. आत्याबाईंनी त्या दुधात बोट बुडवून चाखलं आणि "अगं बया!" म्हणून हसल्या. किती दिवसांनी हसल्या त्या!

रानात मामंजींपुढं वाटी ठेवली. दुधाळ खीर बघून त्यांचा चेहरा उतरला. "पुन्ना दूद? कुणी केलं?"

"म्या," आत्याबाई लगेच म्हणाल्या.

आता मात्र मला राहवेना. "मामंजी, खीर म्या केली. करडईचं दूद हाय, गाईचं न्हाय. आन् तवाचं तूपबी म्याच घातलं व्हतं."

आता ते ओरडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ते आत्याबाईंकडं बघत होते.

"मग चार म्हैने तू उगंच सोसलंस?"

"पोर नवी व्हती," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचा राग तिला झेपला नसता. मला सवय हाय."

मामंजींनी मान खाली घातली. मग ती वाटी उचलून त्यांनी आत्याबाईंपुढं ठेवली. "आदी तू खा," म्हणाले, आणि आत्याबाईंची वाटी रिकामी होईपर्यंत स्वतः पानाला हात लावला नाही.