दारावर रंग, खाली रांगोळी

सोमवारी सकाळी रांगोळी पुसून नवी काढायला मी बाहेर आले. दार ओढून घ्यायला मूठ धरली, तर तळहात लाल झाला. आधी वाटलं रक्त. वास घेतला, ऑइलपेंट होता.

दारावर मोठाली इंग्रजी अक्षरं होती. मी चौथी शिकले, तीही मराठीतून. सुनेला हाक मारली. ती तोंडात ब्रश घेऊनच आली, वाचलं आणि जिन्यावर बसली.

"काय लिहिलंय?"

"काही नाही, आई."

"काही नाही तर बसलीस कशाला?"

"नोकरी सोड. तू कुठे राहतेस ते आम्हाला माहीत आहे."

औषधं जनावरांवर तपासतात अशा लॅबना पिंजरे आणि खाद्य पुरवणारी एक कंपनी इथे इंग्लंडात, लीड्स शहराबाहेर आहे. सून तिथे अकाउंट्स बघते. पाल दिसली तर ओरडत मोरीतून बाहेर येणारी बाई ही. ती कुठल्या उंदराला हात लावणार? पण ऑफिसात धमक्यांचे फोन येत होते. एकाच्या गाडीचे टायर फाडले होते. दोघं सोडून गेले. हिला सोडता येत नव्हतं, कारण व्हिसा त्या नोकरीवर होता. नोकरी गेली की सगळ्यांनी नागपूरला परत जायचं. मुलगा त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी, क्रॉयडनला होता. घरात आम्ही दोघीच.

पोलीस आली ती पोरगेलीशी बाई होती. बूट घालूनच सोफ्यावर बसली. तिचं बोलणं सून मला मराठीत सांगत होती.

रस्त्यावर पाटी धरून उभं राहा, ओरडा, कोणी अडवत नाही. पण लॅबशी असलेला धंदा तोडावा म्हणून कुणाला धमकावलं, कुणाचं नुकसान केलं, तर त्याला वेगळा कायदा आहे. माल पुरवणाऱ्यांकडे नोकरी करणारेही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत तुरुंग.

"खाटकाला धमकावलं तर?" मी विचारलं.

"आई, आत्ता खाटीक कुठून आला?"

"विचार तर."

हा कायदा प्रयोगांपुरताच, खाटकासाठी नेहमीचे कायदे, असं उत्तर आलं. मला ते पटलं नाही. भीती सगळ्यांना सारखीच वाटते.

"कुणावर संशय?" पोलीसबाईने विचारलं.

सुनेने नाही म्हणून मान हलवली. मी उघड्या दारातून बाहेर बघत होते. दारावरून रंग ओघळला होता, पण उंबऱ्यापुढची कालची रांगोळी जशीच्या तशी होती. रविवारी पोस्टमन येत नाही, नाहीतर तो रोज तुडवून जातो. इथे सगळेच तुडवतात, ही पोलीसबाईच तेवढी कडेने आली होती, तीही रंग लागू नये म्हणून. रात्री अंधारात दारापर्यंत येऊन एवढं लिहायचं आणि रांगोळीला पाय लागू द्यायचा नाही, हे एकाच गोऱ्या माणसाला जमतं.

आमची शेजारीण. विधवा बाई, म्हातारा कुत्रा पाळलेला. पहिल्यांदा चहाला आली तेव्हा तिने रांगोळीत पाय दिला आणि मी ओरडले, "अगं बये, पाय!" तेव्हापासून ती स्कर्ट वर धरून लांब ढांग टाकून यायची. शनिवारी ती कंपनीच्या गेटपुढे पाटी घेऊन उभी राहायची आणि रविवारी आमच्याकडे शिरा खायची. त्याचा मला राग नव्हता. तोंडावर बोलणारं माणूस बरं.

"शेजारीण आहे," मी म्हटलं.

सून माझ्याकडे बघत राहिली. मी रांगोळीकडे बोट केलं. तिला कळलं आणि ती रडायलाच लागली.

"आई, मागे मी आजारी होते तेव्हा सूप आणून दिलं होतं त्यांनी."

"दिलं होतं."

"जेलमध्ये जातील त्या. आणि हे त्यांनी केलं नसेल तर?"

"तर नाही म्हणेल. आणि गप्प बसलो तर उद्या काय करेल, सांगता येतं तुला? रात्री झोपशील?"

"नाही."

"मग सांग हिला."

तिने सांगितलं. पोलीसबाईने दोनदा विचारून खात्री केली, मग उठली आणि या वेळी सरळ रांगोळीवरून चालत शेजारी गेली.

आम्ही दारात उभ्या राहिलो. शेजारणीने दार उघडलं. तिच्या मनगटावर लाल डाग होता. घासूनही गेला नव्हता. ती नाही म्हणाली नाही. कोट घालून निघाली. आमच्या फाटकाशी थांबून सुनेला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"तुला इजा करायची नव्हती, म्हणतात. फक्त घाबरून नोकरी सोडावीस म्हणून."

"घाबरवलंच ना?"

शेजारणीने कुत्र्याचा पट्टा माझ्यापुढे धरला. त्याला घरात एकटं ठेवता येत नाही, हे मला इंग्रजी न कळताही कळलं. मी पट्टा घेतला. कुत्र्याने काही केलं नव्हतं.

तो उरलीसुरली रांगोळी तुडवत आत आला आणि जिन्याखाली बसला. सून रडत रडत त्याला पाणी द्यायला उठली. मी बादली आणि घासणी घेतली.