फणसाच्या दस्त्याची रायफल

अमेरिकेने इंग्रज राजाचा अंमल झुगारला आणि पुढे आपल्या फौजेसाठी चकमकीची रायफल बनवली. आमच्या क्रमिक पुस्तकात या साऱ्याला दीड पान होते आणि आमच्या बादशहाच्या राज्यारोहणाला अकरा. मी इतिहासाचा मास्तर. मला ते प्रमाण पटेना. एका जुन्या ग्रंथात त्या रायफलीचे मापांसह चित्र सापडले. वर्गात दाखवायला तशीच एक करून दे, असे मी आळीतल्या सुताराला सांगितले. तो मचवे बांधणारा. पाच महिने त्याने फणसाचा दस्ता तासला, पितळी पट्ट्या जडवल्या. लोहाराने घोडा केला. त्यातली गारगोटी पोलादावर आपटली की ठिणगी पडे. नळी मात्र त्याने कायद्याला भिऊन चार बोटेच पोखरली. पुढे भरीव लोखंड.

फौजदारांना बातमी लागली ती नेमकी खंडेनवमीला. ते सुताराकडे आले तेव्हा रायफल वाकस, रंधे, करवतींबरोबर पाटावर होती, झेंडू वाहिलेली. मागोमाग हेडमास्तर आले, घाम पुसत. त्यांनी तोड काढली: ‘हे खेळणे आहे’ असे लिहावे, सुताराने अंगठा करावा. नाहीतर फौजदार ती फोडणार होते.

“खेळन्याची पूजा करीत नाय आमी,” सुतार म्हणाला. “आनि आज पुजेतलं हलवायचं नाय, सायेब. उंद्या या.”

फौजदारांनी सकाळीच ठाण्यातल्या बंदुकांना हळदकुंकू लावले होते. त्यांच्या बोटांवर ते अजून होते. फौजदार तसेच परत गेले. हेडमास्तरांनी मला रायफल रातोरात बुडवायला खाडी किती जवळ आहे ते सांगितले, आणि नोकरीचीही आठवण दिली.

दसऱ्याला सकाळी आम्ही दोघांनी रायफल भर बाजारातून उघडी नेली आणि फौजदारांच्या टेबलावर ठेवली.

“फोडायची तर आमच्यासमोर फोडा,” मी म्हणालो.

फौजदारांनी रुबाबात चाप ओढला. ठिणगी त्यांच्याच टीपकागदावर पडली. ती त्यांनी तळहाताने विझवली. मग नळीत गज घातला. चार बोटे गेला आणि थांबला. त्यांनी पुन्हा घालून पाहिला. भरीव लोखंड जप्त केल्याचा अहवाल गोऱ्या साहेबापुढे कसा वाचला जाईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. ‘न्या’ म्हणाले.

सुतार बाकावरून हलला नाही. “चांगली झाल्येय, येवढं म्हना. मग नेतो.”

फौजदारांनी दारातल्या शिपायाकडे बघितले आणि तसे पुटपुटले. सुतार बसूनच राहिला. शिपायाला ऐकू गेले नव्हते.