हेल काढणारी

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी नणंदेच्या हळदीत मयताची चाल गायले.

जात्याभोवतीच्या बायकांचे हात जागीच थांबले. सासूने पाठीला असा चिमटा घेतला की आठवडाभर मी कुशीवर झोपले. पण मला काय ठाऊक? माझं माहेर वाशीमजवळच्या भाजीच्या मळ्यातलं, मेडशीकडच्या या गावात मी नवी. सासरच्या वावरात निंदणाला गावातली एक विधवा बाई येई. तण काढताना ती एक चाल गुणगुणायची, लांबलचक, पायरी पायरीनं खाली उतरणारी. मला ती फार आवडली, म्हणून तिच्यावर मी हळदीचे शब्द बसवले. नाकात नथ आणि डोक्यात हवा, अशी होते मी. वाटलं, आता सगळ्या वाहवा म्हणणार.

ती तिची रडायची चाल होती. गावात कुणी गेलं की तिला बोलावणं जाई. तिरडीपाशी बसून ती हेल काढी आणि दगडासारखी बसलेली माणसं फुटत. त्याबद्दल कपभर चहा मिळे. त्याला गाणं असं कुणी कधी म्हटलं नाही.

हळदीचा अपशकुन तिच्याच माथी गेला. बायकांनी तिला निंदणाच्या टोळीतून काढलं. मयताला मात्र बोलावत राहिले. मी तोंडात पदर धरून गप्प बसले, चांगली सून म्हणून नाव राखायचं होतं ना.

मी सासू झाले, मग आजी. कुणाला विचारून घराबाहेर पडायचं उरलं नाही, तेव्हा तिच्या टिनाच्या खोलीत जाऊन बसू लागले.

"मावशी, मले शिकव तुयं रडनं."

"हे काय भजन हाय शिकवाले? मेलेलं माणूस माहीत पाह्यजे, सूनबाई. काय खाये, कोनावर चिडे, बैलाले कशी हाक मारे. घरच्यायले इचारा लागते, मंग थेच म्हना लागते."

"आन् तू मेल्यावर?"

"मंग गावाले सुट्टी."

ती खोकत खोकत हसली. मीही हसले. नातवंडांची आजी मी, तिच्या लेखी अजून सूनबाईच.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. शेजाऱ्यांनी तिरडी बांधली. पोरांनी स्पीकर आणून मोबाईलवरचं भजन लावलं आणि मध्येच साबणाची जाहिरात वाजली. जिनं अख्खं गाव रडून पोचवलं, ती साबणाची जाहिरात ऐकत जाणार होती. मी ते बंद करायला लावलं आणि तिच्या उशाशी बसले. हिच्यासाठी कुणीतरी हेल काढायलाच हवा होता, आणि चाल माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती.

पहिली ओळ निघाली. दुसरीला अडकले. काय खायची ती? सगळ्यांच्या दारी चहा प्यायची, तेवढं माहीत. कुणावर चिडायची? मी बायकांकडे पाहिलं, त्या माझ्याकडे पाहत होत्या. तिनं घरोघरी विचारून घेतलं होतं, तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही शहाणी, चाल घ्यायला जात होते, बाईची चौकशी करायला नाही. शेवटी शब्दांवाचून नुसता सूर काढत राहिले. मग माणसांनी तिरडी उचलली.

तिच्या फोनमध्ये एकच नंबर होता, अनसिंग गावी राहणाऱ्या तिच्या भावाचा. तो म्हातारा एस.टी.नं आला तोवर सारं आटोपलं होतं. मी त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं, माझी फजिती सांगितली आणि विचारलं, "दादा, लहानपनी कशी होती थे?"

त्यानं ग्लास रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाला, "बाप लय मारे आमाले. आमी रडून घर डोक्यावर घेवो, पन थे रडेच नाही. माय म्हने, ह्या पोरीले रडताच येत नाही."