चतुराबाईची डिझेलखोली

मी १९९६ साली सेनगाव तालुक्यातल्या एका गावात शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा चतुराबाई उकंडरावांच्या शेतातल्या आखाड्यावर गोठ्याचं शेणकूर करायच्या. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. बुद्धविहाराच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यांचे यजमान अमृतराव उकंडरावांचाच ट्रक चालवायचे. वसमतला हळद भरायची आणि सांगलीला नेऊन उतरवायची, हे त्यांचं काम.

उकंडराव गावातले मोठे शेतकरी. दोन ट्रॅक्टर, एक मळणी यंत्र, एक ट्रक. पण डिझेलचा पंप सेनगावला, तेरा किलोमीटरवर. पेरणीच्या दिवसांत तिथं ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि कधीकधी दुपारपर्यंत डिझेलच संपायचं. म्हणून मोसमाच्या आधीच उकंडराव दोनशे लिटरची चारपाच टिपाडं भरून आणायचे आणि गोठ्याशेजारी उघड्यावर उभी करून ठेवायचे.

दुसऱ्या वर्षी ऐन पेरणीत मोठा ट्रॅक्टर भर शेतात बंद पडला. हिंगोलीहून प्रेमसिंग मिस्त्री आले. त्यांनी इंजिनाचा डिझेलपंप खोलला, बोटावर थेंब घेतला आणि म्हणाले, "पाणी है इसमें, पाटील. पूरा पाणी."

उकंडराव भडकले. "टिपाडाचं बूच तर घट्ट हाय. पाणी काय आभाळातून आत शिरलं का?"

शेणाची पाटी घेऊन चाललेल्या चतुराबाई थांबल्या. "व्हय मालक, आभाळातूनच," त्या म्हणाल्या. "टिपाड उभं हाय. पाऊस झाला की वरच्या झाकणावर पाणी साचतं. दिवसा उन्हानं टिपाड फुगतं, सांजंला थंड झालं की टण् करून बसतं. मी रोज ऐकते तो आवाज. बसताना ते बुचाच्या आट्यांतून वरचं पाणी आत ओढतंय."

प्रेमसिंगनी बाईंकडं नीट पाहिलं आणि मान डोलावली. आठवड्याभरात गोठ्यापासून लांब, कडुलिंबाच्या सावलीत पत्र्याची एक खोली उभी राहिली, आणि तिची चावी चतुराबाईंच्या हातात आली. गावात कुजबुज झाली. बाईमाणसाला काय कळतं डिझेलमधलं, असं काही जण म्हणाले. ती कुठल्या वस्तीतली आहे हेही काही जणांनी काढलं. उकंडरावांनी पारावर एकदाच सांगितलं, "इतक्या गड्यांत पाणी कुणाला दिसलं? तिला. मग चावी बी तिलाच." तिथं बोलणं संपलं.

मला त्या खोलीत जायला आवडायचं. टिपाडं लाकडाच्या ओंडक्यांवर आडवी, थोडी कललेली असत. पंपावरून आलेलं टिपाड दोन दिवस हलवायचं नाही, हा बाईंचा पहिला नियम. "प्रवासानं घुसळलेलं असतं, गुरुजी. बसू द्या त्याला. घाण तळाला गेली की मग वरचं घ्यायचं." तळाचे चारपाच लिटर त्या यंत्राला कधीच देत नसत. ते वेगळं काढून साखळ्या आणि सुटे भाग धुवायला ठेवत. ट्रॅक्टरमध्ये ओतताना दुहेरी मलमलीतून गाळत. दाराशी वाळूनं भरलेले तीन डबे होते. एकदा खुद्द उकंडराव तोंडात विडी धरून आत शिरू लागले, तर बाई उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या.

"मालक, ती भाईर टाका."

"अगं, माझीच खोली हाय."

"खोली तुमची हाय, पण आतमंदी मी हाय."

उकंडराव हसले आणि विडी पायाखाली विझवून आत गेले.

डिझेल घेताना त्या बहुतेक वेळा स्वतः ट्रॉलीत बसून सेनगावला जात. त्या काळात रेशनचं घासलेट डिझेलमध्ये मिसळल्याच्या गोष्टी सगळीकडं ऐकू यायच्या. बाई कागदावर थेंब टाकून वाळू देत, डाग बघत, वास घेत. पंपावर भरून द्यायला संतराम नावाचा माणूस होता. शांत, पाय थोडा ओढत चालणारा. बाईंनी कागद काढला की तो स्वतःच नळी पुढं करायचा. "बघा बराबर, बाई. मग पुन्हा माझ्यावर नको," असं म्हणायचा.

हे सगळं पाच वर्षं सुरळीत चाललं. २००२ च्या मे महिन्यात उकंडरावांनी ठरवलं, की टिपाडांत साठवणं बंद करून हजार लिटरची टाकीच घ्यायची. ते चतुराबाईंना घेऊन हिंगोलीला गेले. दुकानात दोन टाक्या होत्या. एक साध्या काळ्या लोखंडाची, दुसरी जस्ताचा मुलामा दिलेली, चकचकीत. उकंडरावांनी विचारलं, "कोणती घ्यायची? तू सांग."

चतुराबाईंनी जस्ताची दाखवली. काळी आतून गंजेल, गंजाचे कण यंत्रात जातील, हा त्यांचा विचार. दुकानदारानंही त्यांची वाहवा केली. त्या दिवशी परत आल्यावर बाई नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. इतक्या मोठ्या खरेदीत कुणी आपलं मत विचारलं, याचं त्यांना अप्रूप वाटलं होतं.

जूनमध्ये टाकी भरली. एक टिपाड जास्तीचं आलं होतं, ते तसंच कोपऱ्यात ठेवलं. पेरणी नीट झाली. पुढं काम कमी, म्हणून डिझेल टाकीत पडून राहिलं. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली आणि यंत्रं धापा टाकू लागली. फिल्टर बदलला की दोन दिवस चालायचं, पुन्हा ओढ कमी. प्रेमसिंगनी फिल्टर कापून दाखवला. आत सायीसारखा पांढुरका, गिळगिळीत थर बसला होता.

"पंप पे कुछ मिलाया होगा," ते म्हणाले.

उकंडरावांना तेवढंच पुरे झालं. ते तडक सेनगावला गेले. पंपाच्या मालकानं सांगितलं, की लेखी तक्रार द्या, भरणाऱ्या माणसाला मी त्याच दिवशी काढतो. परत आल्यावर उकंडरावांनी मला बोलावलं. सकाळची वेळ होती. मी त्यांच्या ओसरीवर कागद घेऊन बसलो आणि अर्जात संतरामचं नाव लिहिलं. तेवढ्यात चतुराबाई अंगणात आल्या.

"गुरुजी, अर्ज आज देऊ नका."

"काहून?" उकंडराव गरजले. "तिकडं सोयाबीन पडून राहिली, आन् तू त्याची बाजू घेऊन राहिली?"

"बाजू न्हाई, मालक. आपला ट्रक बी त्याच पंपावर भरतो. त्याला काहून तकलीफ न्हाई? म्या काल ह्यांना ट्रकचा फिल्टर काढायला लावला. साफ हाय."

उकंडरावांनी मला हातानं थांबवलं. बाई म्हणाल्या, "मला फक्त दुपारपतोर येळ द्या."

मी त्यांच्या मागं आखाड्यावर गेलो. माझ्याकडून त्यांनी शाळेतल्या काचेच्या दोन बाटल्या मागून घेतल्या. एकीत कोपऱ्यातल्या टिपाडातलं डिझेल घेतलं, दुसरीत टाकीच्या नळाचं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच नळीतून आलेलं. बाटल्या दाराशी उजेडात ठेवल्या. टिपाडाचं स्वच्छ, पिवळसर. टाकीचं गढूळ, आणि थोड्या वेळानं तळाशी धागेधागे जमू लागले. मग बाईंनी टाकीचं झाकण काढलं, बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तेव्हा बोटांवर तोच गिळगिळीत थर होता. आतली चकाकी गेली होती. भिंत राखेसारखी झाली होती.

त्यांनी तो बोटांत चोळून बघितला. मग म्हणाल्या, "जस्त खाऊन राहिलंय डिझेल, गुरुजी."

मी म्हणालो, "बाई, हे तुम्ही सांगितलंच पाहिजे असं नाही. टाकी धुऊन घ्या, मी अर्ज फाडतो."

"मग मालक दुसऱ्याकडून लिहून घेतील," त्या म्हणाल्या, आणि फडक्याला हात पुसत वाड्याकडं निघाल्या.

उकंडराव जेवून नुकतेच उठले होते. बाईंनी दोन्ही बाटल्या ओसरीच्या कडेला ठेवल्या. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "टाकी म्या निवडली. चूक माझी हाय. संतरामची न्हाई, पंपाची बी न्हाई."

उकंडराव बाटल्यांकडं बघत होते. "तू बोलली नसती तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं व्हतं ना, मालक."

उकंडरावांनी हात पुढं केला. बाईंनी कमरेची चावी सोडून त्यांच्या हातावर ठेवली आणि निघून गेल्या. मी अर्ज तिथंच फाडला.

दुसऱ्या दिवसापासून चतुराबाई कापूस वेचायला जाऊ लागल्या. अमृतराव मला म्हणाले, "घरी काही बोलत न्हाई ती. पण ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की कान देऊन ऐकती." खोली सालगड्याकडं गेली. टाकी रिकामी केली, पुन्हा टिपाडं आली. पण कुणी गाळायला विसरे, कुणी नव्यानं आलेलं टिपाड लगेच उघडे.

पाच आठवड्यांनी, एका संध्याकाळी उकंडराव बुद्धविहाराच्या मागं आले. त्या घरात ते आधी कधी बसले नव्हते. बाईंनी खाट टाकली, चहा ठेवला. उकंडरावांनी चहा संपवला आणि म्हणाले, "काळी टाकी घ्यायची म्हणतो. हिंगोलीला चल."

"मी एकटी न्हाई निवडणार आता," बाई म्हणाल्या. "प्रेमसिंगला संगं घेऊ. टाकी बनवणाऱ्याला इचारू. ट्रकवाल्यांला इचारू. मागच्या बारी मी माझ्याच डोक्यानं चालले."

"बरं. इचारू," उकंडराव म्हणाले. उठताना त्यांनी चावी खाटेवर ठेवली.

सगळ्यांना विचारून साध्या लोखंडाची टाकी घेतली. गंज धरतो तो तळाच्या पाण्यानं, असं कळलं, म्हणून तळाला उतार दिला, खालचं पाणी सोडायला वेगळा नळ बसवला. पुढं शेजारच्या तीन गावांतले ट्रॅक्टरवाले टाकी घेण्याआधी चतुराबाईंकडं येऊ लागले. प्रत्येकाला त्या आपली चूक आधी सांगायच्या.

संतरामला ही हकिकत वर्षभरानं कळली, बहुधा प्रेमसिंगकडून. तो बायकोला, भिकाबाईला, घेऊन एका दुपारी आखाड्यावर आला. पाणी प्याला, टाकीभोवती एक चक्कर मारली, नळाला हात लावून बघितला. भिकाबाई मात्र चतुराबाईंचा हात धरून पुष्कळ वेळ बसली होती.

माझी बदली २००४ साली वसमतला झाली. नंतरचं मला अमृतरावांकडून कळत गेलं. २००९ मध्ये गावापासून दीड किलोमीटरवर नवा पंप झाला. साठवण ठेवायची गरजच उरली नाही. चतुराबाईंनी टाकी रिकामी करून घेतली, आतून पुसली, खोली झाडली आणि चावी स्वतः नेऊन दिली. उकंडराव त्यांना दुसरं काम देऊ करत होते. त्या नको म्हणाल्या. अमृतरावांनीही तोवर ट्रक सोडला होता. दोघांनी आपल्या दीड एकरात पहिल्यांदाच हळद लावली, आणि त्या वर्षी ती चांगली आली.